चौदा नंबरची खाच

बापू भाऊजी,

परवा तुमचा तेरावा झाला आणि काल सकाळी मी तुमच्या रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानाचं शटर उघडलं. एकटीने उघडलं. "वैनी, ते तुमचं काम न्हाई, कंबर धरंल," असं तुम्ही मला किती वेळा म्हणाला असाल. कंबर धरली नाही. शटर अर्ध्यावर अडलं तेव्हा डाव्या कोपऱ्यात, तुम्ही मारायचात त्याच जागी, टाचेने एक ठोकर दिली. गेलं वर.

तुमचा जन्म कधीचा, शिक्षण किती, हे मी लिहिणार नाही. ते कुणीतरी पेपरात चार ओळींत दिलं आहे आणि त्यातली एक ओळ चुकीची आहे. तुम्हाला 'टीव्ही मेकॅनिक' करून टाकलंय. तुम्ही असतात तर पेपर नाचवत माझ्या ओट्यापाशी आला असतात. "मी टीव्हीला कवा हात लावलता? टीव्हीत काई साठत न्हाई वैनी, नुसतं वाहून जातंय. टेपमदी साठतं." तुमच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की स्वयंपाक करता करता तुमच्याआधी म्हणून दाखवू शकले असते.

हे लिहितेय ते मीरा आणि ईशासाठी. माझ्या नाती टोरांटोला असतात. मीराला मराठी वाचता येतं, सावकाश, आणि ती धाकटीला वाचून दाखवते. म्हणून सोपं लिहायचं असं ठरवलंय. पण बोलतेय तुमच्याशी, कारण त्यांना काही सांगायच्या आधी तुम्हाला एक गोष्ट सांगणं भाग आहे. तुमच्या तेराव्याच्या संध्याकाळी दोघींचा फोन आला. ईशाने विचारलं, बापूआजोबांनी चिपचं अर्धं सांगितलं होतं, उरलेलं कोण सांगणार? त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. मीराने विचारलं, "आजी, बापूआजोबांचा आवाज कुठे ठेवलेला आहे का गं?" त्याचं उत्तरही माझ्याकडे होतं, आणि ते मी तीस वर्षांहून जास्त काळ कुणालाच दिलेलं नाही.

मी हैदराबादच्या कॉन्व्हेंटात शिकलेली. धारूरला लग्न होऊन आले ती एक ट्रंक इंग्रजी पुस्तकं आणि एक ट्रान्झिस्टर घेऊन. तुम्ही माझे धाकटे दीर, मिसरूड फुटलेलं, खिशात स्क्रू ड्रायव्हर. तिसऱ्या दिवशी माझा ट्रान्झिस्टर अंगणात चादरीवर अठ्ठावीस तुकड्यांत पडलेला दिसला. मी तुकडे मोजले होते. "कावून उघडलात?" का उघडलात, असं मी चिडून, पहिल्यांदाच तुमच्या भाषेत विचारलं, आणि तुम्ही इतके खूश झालात की उत्तर द्यायचंच विसरलात. संध्याकाळपर्यंत तो पुन्हा वाजायला लागला, पहिल्यापेक्षा चांगला. तेव्हापासून आपलं ठरून गेलं. तुम्ही उघडायचं, मी लावून ठेवायचं. तुमच्या दुकानातले स्क्रू आकाराप्रमाणे लोणच्याच्या बरण्यांत भरले ते मी. त्यांच्यावर चिठ्ठ्या लावल्या त्याही मी. "दवाखाना करून टाकलात दुकानाचा," म्हणायचात, पण बरण्या शेवटपर्यंत हलवल्या नाहीत. काल त्या तशाच होत्या.

घरातल्या कॅसेटही मीच लावल्या. माझी पद्धत अशी: कॅसेटची पाठ, म्हणजे रांगेत उभी केल्यावर दिसते ती अरुंद बाजू, तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी कापडी चिकटपट्टी. पट्टीवर फक्त नंबर. कुठल्या नंबरात काय आहे ते वहीत. ग्रंथालयात असतं तसं. तुम्ही हसायचात. "नाव लिवा की वैनी. नंबरावरून मानूस कसं ओळखायचं?" मी म्हणायचे, शिस्त असली की ओळखता येतं.

चौदा नंबर म्हणजे बाईची कॅसेट. बाई म्हणजे तुमची आई, माझ्या सासूबाई. घरातले सगळेच त्यांना बाई म्हणायचे. त्या जायच्या आदल्या वर्षी तुम्ही टेपरेकॉर्डर जात्याजवळ नेऊन ठेवलात आणि त्यांच्या ओव्या भरून घेतल्यात, अर्धा तास, एक पूर्ण बाजू. त्याच दुपारी तुम्ही कॅसेटच्या पाठीवरचा नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा स्क्रू ड्रायव्हरने मोडून टाकलात आणि मला समजावलंत. तो तुकडा मोडला की तिथे खाच पडते. मशीनची छोटी जीभ त्या खाचेत उतरते आणि मग रेकॉर्डचं बटण दबतच नाही. "आता कुनी लाख दाबू द्या. बाईवर दुसरं काई भरता यायचं न्हाई." आणि कॅसेट माझ्या हातात दिलीत.

मी तिला पट्टी लावली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पुढचं तुम्हाला कळलं असेल, पण मला ते स्वतःच्या तोंडाने सांगायचंय. बाई जाऊन तीनेक वर्षं झाली होती. शाळेत दहावीच्या मुलांना शुद्ध इंग्रजी ऐकायला मिळावं म्हणून मी धडे वाचून कॅसेटवर भरायचे. एका दुपारी वहीत पाहिलं, पंधरा नंबर कोरी. वहीवरचं बोट सरकलं असेल, ओळ चुकली असेल, मी काढली चौदा. मशीनमध्ये घातली. रेकॉर्डचं बटण दाबलं आणि ते दबलं. भाऊजी, बटण दबलं म्हणून मी निश्चिंत झाले. तुमचंच शिकवणं होतं ना, जपायची कॅसेट असेल तर बटण दबणार नाही. माझीच पट्टी त्या खाचेवर ताणून बसलीय, मशीनच्या जिभेला खाच लागलीच नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मी धडा वाचला, स्वच्छ, विरामचिन्हांसकट. मग वही बंद करताना नंबर पाहिला.

रीळ मागे नेऊन सुरुवात ऐकली. तिथे आधी तुमचा आवाज होता, "ह्यालो, ह्यालो, आज बाई गानार हायेत," असं काहीतरी. आता तिथे मी होते. गुड मॉर्निंग, स्टुडंट्स. पुढे ऐकायची हिंमत झाली नाही. कॅसेट काढली, पुसली, जागेवर ठेवली. तेरा आणि पंधराच्या मधे, सरळ रेषेत.

त्यानंतर वर्षभराने असेल, तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "वैनी, चौदा नंबर द्या की. बाईचं ऐकावं वाटायलंय."

मी म्हणाले, "आता नको, कपाट लावून ठेवलंय. सगळी रांग हलेल."

"बरं," म्हणालात. चहा घेतलात आणि गेलात. त्यानंतर कधी मागितली नाहीत. मी सुटकेचा श्वास टाकला, आणि मग इतकी वर्षं तुम्ही का मागत नाही या विचाराने तो अडकूनही राहिला.

आता मुलींसाठी गेल्या डिसेंबरचं लिहायला हवं, कारण तो धडा तुमचा आहे आणि तो वाहून जाता कामा नये. दोघी इथे आल्या होत्या. मीराच्या पुस्तकात खूण म्हणून एक कार्ड होतं, वाटेत कुठल्याशा हॉटेलात खोलीचं दार उघडायला दिलेलं, मागे तपकिरी पट्टी. तुम्ही ते बोटांत फिरवलंत आणि डोळे लकाकले.

"हे काय हाय, वळखलं का मीरे? ही कॅसेटच हाय. कॅसेटची फीत कापून कार्डावर चिटकवली, झालं."

ती म्हणाली, कॅसेट म्हणजे काय? तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मला हसू आवरेना. मग तुम्ही एक कॅसेट उघडून फीत बाहेर ओढलीत आणि दाखवलंत: प्लास्टिकची फीत, तिच्यावर लोखंडाच्या गंजाची बारीक भुकटी, डिंकासारख्या कशाने तरी बसवलेली. ईशा म्हणाली, गंज म्हणजे खराब. "गंजाला नावं ठेवायची न्हाईत," तुम्ही म्हणालात, "गंजच ध्यानात ठेवतो." त्या भुकटीचा एकेक कण म्हणजे छोटासा लोहचुंबक. कॅसेटवर आवाज चढेल-उतरेल तसं चुंबकत्व चढतं-उतरतं. कार्डावर तेवढी नजाकत नसते. तिथे दोनच दिशा, या तोंडाने किंवा त्या तोंडाने.

मग घासदगडाखाली साचलेली लोखंडाची धूळ तुम्ही मलमलीतून गाळून घेतलीत, कार्डाच्या पट्टीवर भुरभुरलीत आणि टिचकी मारलीत. पट्टीवर बारीक उभ्या रेघा उमटल्या, कुठे दाट, कुठे विरळ. मुलींनी श्वास रोखून धरला होता. खरं सांगते, मीही.

"हितं कुनी लिवलंय. वाचा बरं," म्हणालात. आणि उसावर आलात. तुमचं सगळं शेवटी उसावरच यायचं. "रस्त्याकडंला उसाच्या मोळ्या टाकल्यात समजा, एकामागं एक. समद्यांचे शेंडे एकीकडं. मदीच मोळ्या उलट्या टाकायला लागलं कुनी, तर त्या जागी शेंड्याला शेंडा भिडतो का न्हाई? धूळ तिथंच गोळा होती. आता दर पावलाला एक उलटापालट असनारच, ते ठरलेलं. पर दोन पावलांच्या मदी आनखी एक झाली, तर तो 'एक'. न्हाई झाली, तर 'शून्य'. एक-शून्याच्या ह्या वळी म्हंजे खोलीचा नंबर, कवापर्यंत राहायचं ती तारीक."

मीराने लगेच विचारलं, "पण हात हळू फिरवला तर? चुकेल ना?"

"हात हळू, तर पावलं बी हळू. मशीन पावलांवर ध्यान ठेवती, घड्याळावर न्हाई. म्हनून तुझी आजी कार्ड दमानं फिरवती अन् तुझा बाप सपकन्, तरी दोघांचं काम हुतं."

विज्ञानात मला नेहमी काठावर मार्क असायचे. त्या दिवशी मला समजलं, आणि अजून समजलेलं आहे.

त्यानंतर तुम्ही जुन्या स्पीकरचा चुंबक आणलात आणि त्या पट्टीवरून दोनदा फिरवलात. पुन्हा धूळ टाकलीत. रेघा नव्हत्या. धूळ नुसती इकडे तिकडे पसरली. बँकेच्या कार्डाची काळी पट्टी हट्टी असते, ती सहज ऐकत नाही, पण हॉटेलची तपकिरी भोळी, असं तुम्ही सांगत होतात तोवर ईशाने भोकाड पसरलं होतं.

"तुम्ही त्याला मारलं!"

"मारलं न्हाई गं पिल्ला. इसरलं ते."

"तुमच्यामुळे विसरलं!"

तुम्ही तिला मांडीवर घेतलंत. "माज्यामुळं, हे खरं. पर दोष असा कुनाचाच न्हाई बघ. पट्टीचा धर्मच तो. शेवटी जे लिवलं, ते तिचं. त्याच्या आदीचं ती धरून बसत न्हाई."

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मी म्हणाले, दूध उतू जाईल, आणि आत गेले. गॅसवर दूध नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चिप. माझ्या बँकेच्या कार्डावरचा सोनेरी चौकोन दाखवून तुम्ही सांगितलंत की हे नुसतं दार आहे. खरी चिप त्याच्या पोटात, तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठी नाही. तिला बॅटरी नसते. मशीनमध्ये घातली की मशीनच तिला वीज देतं आणि ती जागी होते. नुसतं जवळ धरायच्या कार्डात तारेचं बारीक वेटोळं असतं, ते मशीनजवळ गेलं की त्यातच वीज खेळते. आणि जागी झाली की ती पट्टीसारखं आपलं सगळं समोर ठेवत नाही. ती हिशेब करते. आपला इथे वाद झाला, आणि तो संपला नाही.

"पट्टी भोळी," तुम्ही म्हणालात. "कुनी बी विचारलं तर सगळं सांगून मोकळी. तेच उचलून दुसऱ्या कार्डावर लिवलं की झाली जुळी बहीण. चिपचं तसं न्हाई. तिच्यात एक गुपित आकडा असतो अन् तो ती कुनालाच देत न्हाई."

"मग ती खरी आहे हे मशीनला कळतं कसं?" मी विचारलं.

"बाईचा काळा मसाला आठवा. माप सांगितलंय का कुनाला? तुमाला तरी?"

"नाही," मी म्हणाले. त्याचा राग मला अजून आहे.

"पर तुमी कांदा-खोबरं, धने, काय हाय ते आनून दिलं की मसाला करून द्यायच्या का न्हाई? अन् बोटावर घेतला की कळायचंच, हा बाईचाच. तसंच हे. मशीन दर खेपेला नवा आकडा देतं. चिप त्याच्यात आपलं गुपित मिसळती अन् उत्तर देती. उत्तर बरोबर तर कार्ड खरं. उत्तर चोरून काय उपेग? पुढल्या खेपेला आकडाच दुसरा. माप घरातच राहतंय."

"आणि बाईबरोबर गेलं," मी म्हणाले. "काय फायदा झाला? पट्टी पुसली जाते, मान्य. पण तोवर देते तरी. ही तुमची चिप चिक्कू आहे."

"चिक्कू न्हाई वैनी. इमानी हाय. मानसानं चिपसारखं असावं. आत काय हाय ते आतच ठेवावं, अन् कुनी विचारलं तर 'बरोबर हाय' एवढंच म्हनावं."

"हे बायकोशी लग्न न केलेल्या माणसाने सांगू नये."

तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. मुलींना विनोद कळला नाही. मी त्यांना अजून समजावलेला नाही. बायको नसताना लग्न कुणाशी, असं व्याकरण तुम्ही माझंच माझ्यावर उलटवलंत. इंग्रजी शाळेतली बाई म्हणून मला आयुष्यभर टोमणे मारायचा तुमचा हक्क होता आणि तो तुम्ही पुरेपूर वापरलात.

मग मुली टोरांटोला परत गेल्या. फोनवर ईशाने विचारलं, बॅटरी नसते तर झोपल्यावर चिपला कसं आठवतं? तुम्ही म्हणालात, "लई नामी सवाल हाय. आयतवारी सांगतो." तो रविवार आला तेव्हा तुम्ही नव्हतात.

म्हणून ईशा, ऐक. उत्तर मी नीट वाचून, समजून घेऊन देतेय, आणि उदाहरण बापूआजोबांना आवडेल असं शोधलंय. आपल्याकडे जुनी माणसं धान्य पेवात ठेवायची. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं कोठार; धान्य भरायचं आणि तोंड मातीने लिंपून पक्कं बंद करायचं. चिपमध्ये अशी डोळ्याला न दिसणारी असंख्य पेवं असतात. त्यांत धान्याऐवजी विजेचे कण. भिंती अशा की वीज त्यांतून जात नाही. लिहिताना मोठा जोर लावून कण आत ढकलतात; जोर गेला की ते आतच अडकतात. भरलेलं पेव आणि रिकामं पेव, म्हणजेच पुन्हा बापूआजोबांचे एक आणि शून्य. वाचताना पेव उघडायचं नसतं. वरून पाय आपटला की आवाजावरून जाणत्या माणसाला कळतं, भरलंय की रिकामं, तसंच. मशीनची वीज बंद झाली तरी धान्य कुठे जात नाही, म्हणून चिप झोपेतही विसरत नाही. कायमचं मात्र काहीच नाही. वर्षानुवर्षांनी एकेक कण झिरपून जातो. पण कार्डाची मुदत त्याआधी संपते.

भाऊजी, चुकलं असेल तर ती चूक आता माझ्या नावावर. मला वाटत नाही चुकलं असेल.

राहिला मीराचा प्रश्न. तिला मी सांगायचं ठरवलं होतं की बापूआजोबांचा आवाज एका ठिकाणी होता आणि तो तुझ्या आजीने पुसला. सांगायच्या आधी कॅसेट हातात घ्यावी म्हणून काल कपाट उघडलं. तेरा, चौदा, पंधरा. इतक्या वर्षांत मी त्या रांगेवरची धूळ पुसली ती चौदावर नजर न ठेवता, आणि चौदा कधी ओढून काढली नव्हती.

काढली, आणि पाठ उजेडात धरली. माझी पट्टी होती. माझा नंबर होता. आणि डाव्या टोकाला, बरोबर त्या खाचेवर, पट्टीचा नखाएवढा चौकोन ब्लेडने कापून काढलेला होता. कडा अगदी सरळ. पट्टीचा बाकी धागाही उसवलेला नव्हता. असं ब्लेड धारूरमध्ये एकाच माणसाचं चालायचं.

मी पहिल्यांदा टोरांटोला गेले तेव्हा घराची किल्ली तुमच्याकडे होती. तेव्हाच असेल. तुम्ही बाईला ऐकायला बसलात आणि तुम्हाला ऐकू आलं गुड मॉर्निंग, स्टुडंट्स. पट्टी बघितलीत. खाच कशी बुजली ते तुम्हाला एका क्षणात कळलं असणार. तुमच्याशिवाय कुणाला कळणार? आणि मग तुम्ही ती खाच पुन्हा मोकळी केलीत. बाईवर मी भरलेलं कुणी पुसू नये म्हणून. कॅसेट परत तेरा आणि पंधराच्या मधे ठेवलीत, सरळ रेषेत, आणि मी परतल्यावर विमानतळावर बिस्किटं कसली मिळतात ते विचारलंत.

कॅसेट घेऊन मी दुकानात गेले, आणि शटर उघडलं ते यासाठी. तुमच्या टेबलावरचा टेप चालू स्थितीत होता, असणारच. लावली. माझा धडा पुरा ऐकला. आवाज तरुण होता आणि जरा आगाऊ. शेवटी मी थँक यू म्हणाले, टक असा आवाज झाला, आणि त्यापुढे मी कधी गेले नव्हते.

त्यापुढे जातं घरघरत होतं. मग थांबलं. मग बाई.

"फिरतंय का रे ते? का मी उगंच गळा काढायले?"

"फिरायलंय बाई. तुमी म्हना."

तुमचा आवाज. मिसरूड फुटलेला, घाईचा, आत्ताच खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढल्यासारखा.

"कुनाला ऐकायचंय हे? तुजी वैनी तर इंग्रजी शिकलेली."

"त्यांच्याकडंच द्यायची हाय ठिवायला. वैनीकडं काई हरवत न्हाई."

बाई हसल्या. जातं पुन्हा फिरायला लागलं आणि त्या गाऊ लागल्या. सात मिनिटं उरली आहेत. मी घड्याळ लावून पाहिलं.

वैनीकडं काई हरवत न्हाई, हे वाक्य तुम्ही तेव्हा म्हणालात, आणि कॅसेट चोरून ऐकलीत त्या दिवशी, माझ्या धड्यानंतर, पुन्हा ऐकलंत. त्यानंतर ब्लेड उचललंत. आणि तेव्हापासून मला एका शब्दाने विचारलं नाहीत. चिपवरचा आपला वाद मी हरले असं मी अजून म्हणणार नाही. बाईने माप सांगायला हवं होतं आणि तुम्हीही एकदा सांगायला हवं होतंत. मग मी इतकी वर्षं तुम्हाला चहा देताना नजर चुकवत राहिले नसते. पण खाच मोकळी करून तुम्ही दिलेलं उत्तर बरोबर होतं, भाऊजी. ते मी तपासून घेतलंय.

आता मला वैनी म्हणणारं कुणी राहिलं नाही. त्या सात मिनिटांत मात्र तुमच्या तोंडी एकदा आहे. मुलींना मी सगळी बाजू फोनवर भरून पाठवलीय, माझ्या धड्यासकट. मीराने कळवलं की ईशाने जात्याच्या आवाजात झोप काढली आणि उठल्यावर विचारलं, मग इंग्रजी बोलणारी ती चिडकी बाई कोण?

आज संध्याकाळी मी चौदा नंबरची पट्टी काढून टाकली. नवं लेबल लावलं, पण पाठीवर नाही. कॅसेटच्या सपाट अंगावर, आणि या वेळी त्यावर नावं लिहिली. बाई आणि बापू. खाली लहान अक्षरात मी. मग ती रांगेत परत ठेवली. एवढ्या सगळ्या पांढऱ्या पाठींमध्ये तिची एकटीची पाठ आता उघडी आहे. त्यामुळे दार उघडलं की पहिली तीच सापडते.